वैतरणा सागराला मिळते तेथे : आगाशी, सोपारा आणि अर्नाळा

त्र्यंबकच्या डोंगररांगेवर पडणारा पाऊस दोन दिशांना वाटला जातो. ब्रह्मगिरीच्या एका अंगाने उतरलेले पाणी गोदावरी होऊन पूर्वेकडे, थेट बंगालच्या उपसागराकडे निघते. त्याच परिसरात उगम पावलेली वैतरणा मात्र पश्चिमेची वाट धरते. मुंबईची तहान भागविणारी धरणे तिच्याच पाण्यावर उभी आहेत. सुमारे दीडशे किलोमीटरचा प्रवास करून ती वसई तालुक्याच्या उत्तर टोकाला, अर्नाळ्याजवळ, अरबी समुद्रात विलीन होते. नाशिककरांना गोदामाई घरची. वैतरणा तितकीच घरची असूनही तिच्या मुखापर्यंत जाऊन आलेले नाशिककर फार थोडे. जैन यात्रेकरू तेथवर जातात खरे, पण आगाशी तीर्थाचे दर्शन, पूजा, भोजनशाळेतील भोजन आणि लगेच परतीची गाडी, असाच बहुतेकांचा क्रम असतो. मंदिरापासून दोन-तीन किलोमीटरवर समुद्र आहे आणि काही मैलांवर जैन परंपरेतील एका मोठ्या घटनेची भूमी आहे, हे पुष्कळांच्या गावीही नसते.

नाशिक आणि हा किनारा यांचे नाते दगडावर कोरलेले आहे. पांडवलेणी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्रिरश्मी डोंगरातील दहा क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा प्रसिद्ध लेख आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या या लेखात त्याने आपल्या दानांची यादी दिली आहे. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग या चार ठिकाणी त्याने प्रवाशांसाठी चौसोपी धर्मशाळा बांधल्या. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि दाहणुका या नद्यांवर पुण्यार्थ नावा ठेवल्या, म्हणजे नदी ओलांडणाऱ्याकडून पैसा घ्यावयाचा नाही. शोर्पारग येथील रामतीर्थासह काही ठिकाणच्या परिव्राजकांच्या समुदायांना त्याने नानंगोल गावातील बत्तीस हजार नारळीची झाडे दान दिली. गोवर्धन म्हणजे नाशिकनजीकचेच प्राचीन नगर. भरुकच्छ म्हणजे भरूच आणि शोर्पारग म्हणजे आजचे सोपारा. समुद्रावरून उतरलेला माल थळ घाट चढून नाशिकला आणि पुढे प्रतिष्ठानला जाई. त्या मार्गाच्या दोन्ही टोकांना धर्मशाळा बांधणाऱ्या मनुष्याने आपला हिशेब नाशिकच्या डोंगरात कोरून ठेवला, हे योग्यच झाले. त्याच डोंगरात अकरा क्रमांकाच्या लेण्यात तीर्थंकरमूर्ती आहेत, हे जैन वाचकांस सांगावयास नको.

आज नाशिकहून निघणाऱ्याला दोन वाटा आहेत. कसारा घाट उतरून भिवंडीमार्गे जाणारा रस्ता मोठा, सोयीचा आणि कंटाळवाणा. त्र्यंबक, जव्हार, विक्रमगड, मनोर असा जाणारा रस्ता वळणावळणाचा आहे. वेळ अधिक घेतो, पण तो वेळ दवडल्यासारखा वाटत नाही. वारली पाड्यांची कुडाची घरे, नागलीची खाचरे, पावसाळ्यानंतर गुडघाभर वाढलेले सोनेरी गवत आणि सागाची राने या वाटेवर भेटतात. जव्हारला मुकणे संस्थानिकांचा जयविलास राजवाडा आहे. तेथील शिरपामाळावर शिवछत्रपतींचा १६६४ च्या सुरत मोहिमेच्या वेळी मुक्काम झाला होता, असे सांगतात. मुले बरोबर असतील तर हाच रस्ता घ्यावा.

विरार स्थानकापासून पश्चिमेला चार-पाच किलोमीटरवर आगाशी. विरारच्या इमारतींची गर्दी मागे पडते आणि अचानक दोन्ही बाजूंना वाड्या लागतात. केळी, नारळ, पोफळी, नागवेलीचे मळे, मोगरा-जास्वंदीची शेते, विहिरीवरून पाटाने धावणारे पाणी, कौलारू घरे. एवढ्या मोठ्या महानगराच्या कुशीत असे गाव अद्याप टिकून आहे याचे प्रथम येणाऱ्याला आश्चर्य वाटते. ते किती काळ टिकेल, हा प्रश्न त्या पाठोपाठच येतो.

गावात वीसावे तीर्थंकर श्री मुनिसुव्रतस्वामींचे श्वेतांबर मंदिर आहे. सध्याचे मंदिर मुंबईचे प्रख्यात व्यापारी शेठ मोतीशा यांच्या नावाशी निगडित असून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील आहे. मोतीशांची जहाजे चीनपर्यंत जात. भायखळ्याचे आदीश्वर मंदिर त्यांनी उभारले, सर जमशेटजी जीजीभाई यांच्यासमवेत मुंबईच्या पांजरपोळेचा पाया घातला आणि शत्रुंजयावर कुंतासराची खोल दरी भरून काढून त्यावर टूंक बांधविली. त्या टूंकेची प्रतिष्ठा पाहावयास मात्र ते उरले नाहीत. १८३६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि प्रतिष्ठा पुढील वर्षी झाली. आगाशीविषयी अशी कथा सांगितली जाते की, शेठजींचे एक जहाज संकटात सापडले, त्यांनी मनोमन संकल्प केला आणि जहाज आगाशीच्या किनाऱ्याला सुखरूप लागले. कथेचे तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात. परंतु समुद्रावर ज्याचे सर्वस्व पणाला लागलेले असे, त्या व्यापाऱ्याने किनाऱ्यावरील एका लहान गावात जिनमंदिर बांधावे, यामागे अशी एखादी रात्र असणार, हे समजण्यासारखे आहे.

मुनिसुव्रतस्वामींचे लांछन कासव. भरूच येथील अश्वावबोध तीर्थ मुनिसुव्रतांचेच, ठाण्याचे प्रसिद्ध मंदिर मुनिसुव्रतांचे आणि आगाशीचेही. भरूच, सोपाऱ्याचा परिसर आणि ठाणे ही तिन्ही प्राचीन बंदरे. जल आणि स्थल या दोहोंत वावरणाऱ्या कासवाचे चिन्ह धारण करणाऱ्या प्रभूंची भक्ती बंदरोबंदरी रुजली, हा निव्वळ योगायोग असेलही. पण गाभाऱ्यातून बाहेर पडल्यावर समुद्रवाऱ्याची झुळूक अंगावर आली की तो योगायोग वाटत नाही.

या बंदरांना जोडणारी आणखी एक कथा प्रत्येक जैन घरात वर्षातून दोनदा वाचली जाते. चैत्र व आश्विनातील आयंबिल ओळीत श्रीपाळ राजाचा रास ऐकताना श्रोत्यांचे लक्ष नवपदाच्या महिम्याकडे असते, आणि ते तसेच असावयास हवे. पण त्या कथेचा नकाशा डोळ्यांसमोर आणून पाहावा. श्रीपाळ भरूचला धवल शेठच्या जहाजांवर चढतो, रत्नद्वीपाहून परतताना दगा होऊन समुद्रात पडतो, कोकणच्या किनाऱ्याला ठाण्यास लागतो आणि पुढे सोपाऱ्यास येऊन सर्पदंशाने निश्चेष्ट झालेल्या राजकन्या तिलकसुंदरीस नवपदाच्या प्रभावाने सावध करतो. हा रास उपाध्याय विनयविजयजींनी रचावयास घेतला तो रांदेरला, म्हणजे तापीकाठच्या आणखी एका बंदरात. त्यांच्या कालधर्मानंतर तो उपाध्याय यशोविजयजींनी पूर्ण केला. आगाशीच्या मूर्तीचा संबंध श्रीपाळाच्या काळाशी जोडणारी परंपरा स्थानिक भाविक आजही श्रद्धेने सांगतात.

आगाशीहून दक्षिणेकडे काही किलोमीटरवर सोपारा. मुंबईच्या लोकलगाडीतून लाखो लोक रोज ‘नालासोपारा’ हे नाव ऐकतात. नाळे आणि सोपारे या दोन गावांची नावे जोडून स्थानकाचे नाव झाले आहे, आणि त्यातील दुसरे नाव ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात आणि टॉलेमीच्या भूगोलात आढळते, याची त्या गर्दीत कोणाला आठवण असण्याचे कारण नाही. एके काळी उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस वसईची खाडी आणि मधून वाहणाऱ्या खाड्या यांमुळे हा भूभाग बेटासारखाच होता. जहाजे खाडीतून आत येत. खाडी गाळाने भरत गेली आणि बंदराचा समुद्र दूर गेला.

जैन पट्टावलींतील एक विलक्षण प्रसंग याच नगरीत घडला. अंतिम दशपूर्वधर आर्य वज्रस्वामींच्या काळात बारा वर्षांचा घोर दुष्काळ पडला. वज्रस्वामींनी आपले शिष्य वज्रसेन यांना विहारास पाठविताना सांगितले होते की, ज्या दिवशी लक्षमूल्याच्या अन्नातून भिक्षा मिळेल, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुकाळ होईल. विहार करीत वज्रसेनमुनी सोपाऱ्यास आले आणि जिनदत्त नावाच्या श्रावकाच्या घरी गोचरीस गेले. घरात चुलीवर भात शिजत होता. त्या एका हंडीच्या तांदळासाठी एक लक्ष द्रव्य मोजावे लागले होते, कारण धान्यच कोठे मिळत नव्हते. घरात द्रव्य होते. ते खाता येत नव्हते. जिनदत्ताची पत्नी ईश्वरी हिने विष वाटून ठेवले होते. हा शेवटचा भात, त्यात विष कालवून सारे कुटुंब एकदमच जाईल, उपासमारीचे हाल तरी चुकतील, असा तो विचार. मुनींनी हंडी पाहिली, तिचे मूल्य ऐकले आणि गुरुवचन आठवले. विष टाकू नका, उद्या सुकाळ होईल, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी बंदरात धान्याने भरलेली जहाजे लागली.

पुढे जिनदत्त, ईश्वरी आणि त्यांचे चार पुत्र नागेंद्र, चंद्र, निवृत्ती व विद्याधर यांनी दीक्षा घेतली. त्या चौघांच्या नावांनी चार कुले प्रसिद्ध झाली. आजही श्वेतांबर मूर्तिपूजक संघात दीक्षाविधीच्या वेळी नवदीक्षिताची परंपरा उच्चारताना ‘कोटिक गण, वयरी शाखा, चांद्र कुल’ हे शब्द येतात. त्यातील ‘चांद्र कुल’ म्हणजे सोपाऱ्याच्या त्या घरातील मुलगा चंद्र. नाशिकच्या एखाद्या मंडपात दीक्षेचा सोहळा चाललेला असतो, वाद्यांचा गजर असतो, नातलगांचे डोळे पाणावलेले असतात आणि त्या गलबल्यात गुरुमहाराज हे शब्द उच्चारतात. ते शब्द ज्या गावाकडे बोट दाखवितात ते गाव आज लोकलच्या एका स्थानकापुरते उरले आहे. ज्या रात्री ईश्वरीने विष वाटले, त्या रात्री जहाजे वाऱ्याने आणखी एक दिवस रखडली असती तर, हा विचार येथे उभे राहिल्यावरच मनात येतो.

चौदाव्या शतकात आचार्य जिनप्रभसूरींनी ‘विविधतीर्थकल्प’ रचले. त्यात तीर्थांच्या नामावलीत सोपाऱ्याची गणना असून तेथील ऋषभदेवांच्या प्रतिमेचा उल्लेख आहे. त्याच ग्रंथात नाशिकवर एक स्वतंत्र कल्प असून त्यात चंद्रप्रभस्वामींच्या मंदिराचे वर्णन येते. म्हणजे सहाशे-सातशे वर्षांपूर्वीच्या यात्रेकरूच्या नकाशावर ही दोन्ही गावे होती.

सोपाऱ्याचे अवशेष मात्र आज मुख्यतः बौद्ध आहेत. ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून गावकरी ज्याला ओळखत, ती मातीची टेकडी १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उकरली. आत विटांचा स्तूप निघाला. स्तूपाच्या पोटात दगडी पेटी, तीत तांब्याचा करंडक, त्याच्याभोवती आठ लहान ब्राँझमूर्ती, तांब्याच्या आत चांदीचा, मग दगडाचा, स्फटिकाचा आणि शेवटी सोन्याचा असे एकात एक करंडक होते. सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडकात मातीच्या भिक्षापात्राचे तेरा तुकडे होते. सोन्याच्या आत माती! परिग्रहाविषयी श्रमणपरंपरेला जे म्हणावयाचे होते ते त्या कारागिरांना पुरते कळले होते. त्याच वर्षी येथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये जवळच्या भुईगावला सापडला. जुनागढला जन्मलेल्या आणि विद्यापीठाचे तोंड न पाहिलेल्या याच भगवानलालजींनी नाशिकच्या लेण्यांचाही तपशीलवार अभ्यास केला होता. उषवदाताच्या लेखातील ‘शोर्पारग’ वाचणारा आणि सोपाऱ्याची टेकडी उकरणारा मनुष्य एकच.

स्तूप पाहावयास जाणाऱ्याने फार अपेक्षा ठेवू नये. विटांचा उंचवटा, कुंपण, थोडी झाडे, क्वचित पूजेसाठी आलेले बौद्ध उपासक. चहूबाजूंनी वस्ती चढत आली आहे. करंडक मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत, शिलालेखाचा तुकडा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. येथून जवळच चक्रेश्वर तलाव असून त्याच्या काठच्या मंदिरात ब्रह्मदेवाची सुंदर मूर्ती आणि इतर जुने शिल्पखंड मांडलेले दिसतात. जिनप्रभसूरींनी सांगितलेल्या ऋषभदेवांच्या मंदिराची एक पायरीही दाखविता येत नाही. तलाव बुजतात, पाया खणताना निघालेला कोरीव दगड कुंपणाच्या भिंतीत बसतो, आणि एक-दोन पिढ्यांत तो कोठून आला हे सांगणारेही राहत नाहीत. मंदिरांच्या जीर्णोद्धारासाठी सढळ हाताने देणाऱ्या समाजाने सोपाऱ्याच्या परिसरातील असे विखुरलेले दगड नोंदविण्याचे काम मनावर घेतले, तर त्यास फार खर्च येणार नाही. उशीर मात्र पुष्कळ झाला आहे.

आगाशीला परतल्यावर उरलेला वेळ गावासाठी ठेवावा. सोळाव्या शतकात हे गाव जहाजबांधणीसाठी नावाजलेले होते आणि त्याच कारणाने १५३० च्या सुमारास पोर्तुगीजांच्या जाळपोळीस बळी पडले. भवानीशंकराचे जुने मंदिर आणि त्याचे कुंड गावात आहे. पण आगाशीचे नाव महाराष्ट्रातील वाण्यांच्या दुकानांत पोहोचले ते सुकेळ्यांमुळे. राजेळी जातीची केळी पिकवून, सोलून, कडक उन्हात कित्येक दिवस वाळवितात. रोज मांडावयाची, रोज संध्याकाळी उचलावयाची. दव लागता कामा नये. उन्हाखेरीज त्यात काहीच पडत नाही, साखरही नाही. वाळल्यावर ती मधाच्या रंगाची, चिवट आणि अतिशय गोड होतात व केळीच्याच सोपटात बांधली जातात. बाजारात मिळणारे वाळविलेल्या केळ्याचे चकचकीत पाकीट आणि हे सुकेळे यांत काहीही साम्य नाही. राजेळीची लागवड घटत चालली आहे, कारण वाडीपेक्षा वाडीखालच्या जमिनीला भाव अधिक आहे. मिळाली तर घ्यावीत, आणि भाव करू नये.

अर्नाळ्याचा किनारा येथून जवळच. सुरूचे बन, काळसर वाळू आणि समोर समुद्रात, वैतरणेच्या मुखाशी, किल्ला. किनाऱ्यावर कोळी बांधवांची वस्ती आहे, मासळी वाळत असते, वास येणारच. अहिंसाव्रती कुटुंबास तो त्रासदायक वाटतो. नाकाला पदर लावून लगबगीने परत फिरणारेही दिसतात. आपल्या आहाराचा नियम कसोशीने पाळावा, परंतु ज्याच्या होडीत बसून बेटावर जावयाचे त्याच्या अंगणात तोंड वाकडे करू नये, एवढी मर्यादा यात्रेकरूने सांभाळली पाहिजे. होडीत चढउतार करताना वृद्ध श्राविकांना हात देणारे हेच लोक असतात.

बेटावरील पहिला कोट गुजरातच्या सुलतानांच्या काळातला. पुढे पोर्तुगीजांनी तो घेतला. ते या बेटाला गाईंचे बेट म्हणत. १७३७ मध्ये मराठ्यांनी ते जिंकले आणि थोरल्या बाजीरावांच्या आज्ञेने किल्ला नव्याने बांधला गेला. उत्तर दरवाजावरील देवनागरी शिलालेखात बाजीरावांबरोबरच बांधकाम करणाऱ्या बाजी तुळाजीचे नाव कोरलेले आहे. स्थपतीचे नाव असे दरवाजावर राहणे दुर्मिळच. दरवाजाच्या बाजूंना वाघ आणि हत्ती कोरले आहेत. तटाच्या आत आता भाजीचे मळे आहेत आणि मध्ये एक महादेवाचे मंदिर, समोर अष्टकोनी बांधीव तळे. त्या महादेवाचे नाव त्र्यंबकेश्वर. ज्या नदीच्या मुखावर हा किल्ला राखण करतो ती कोठून निघते, हे नाव ठेवणाऱ्याला ठाऊक असावे, असे मानावयास हरकत नाही. चारी बाजूंना खारे पाणी असताना बेटाच्या विहिरींना गोडे पाणी आहे. मात्र भरतीच्या लाटा बेटाचा किनारा वर्षागणिक कातरीत आहेत आणि किनाऱ्यालगतच्या घरांना त्याची झळ लागली आहे.

वसईचा किल्ला पाहावयाचा तर वेगळा दिवसच हवा. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी तो घेतला, तेव्हा तेथील चर्चमधल्या घंटा महाराष्ट्रभरच्या देवळांत गेल्या. त्यांतील एक नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरावर टांगलेली आहे आणि तिच्यावर १७२१ हे साल आहे. गोदावरीला पूर आला की पाणी नारोशंकराच्या घंटेपर्यंत पोहोचले का, असे पंचवटीत विचारतात, ती हीच.

सहलीस कार्तिकी पौर्णिमेपासून फाल्गुनापर्यंतचा काळ उत्तम. चातुर्मासात होड्या भरवशाच्या नसतात आणि विराधनेच्या दृष्टीनेही तेव्हा समुद्रकिनाऱ्याचा प्रवास टाळलेला बरा. नाशिकहून पहाटे निघाल्यास दुपारपूर्वी आगाशी गाठता येते. पूजा करावयाची असल्यास आदल्या संध्याकाळी धर्मशाळेत मुक्काम करणे श्रेयस्कर. अर्नाळ्याची होडी भरती-ओहोटीप्रमाणे चालते, म्हणून किनाऱ्यावर आधी चौकशी करावी. चौविहाराचा नियम असणाऱ्यांनी सोपारा सकाळी उरकून, दुपारचे भोजन लवकर घेऊन किल्ल्यावर जावे आणि सूर्य दोन हात वर असतानाच परतीची होडी धरावी. हिवाळ्यात या किनाऱ्यावर सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो आणि भोजनशाळा मागच्या बाजूला, तीन किलोमीटरवर असते.